एकच टेस्टर, बारा फॉर्म

कान्हे स्टेशनच्या बाकावर बसलेल्या अनोळखी माणसाला "तुम्ही गेम खेळता का हो?" असं विचारणारी मुलगी अख्ख्या मावळात मी एकटीच असेन. पण त्या दिवशी माझा इलाजच नव्हता. नोव्हेंबरची सकाळ, लोकल चाळीस मिनिटं उशिरा, मांडीवर लॅपटॉप, आणि दुपारपर्यंत मला एक कोरा माणूस हवा होता.

कोरा म्हणजे काय ते आधीच सांगते, नाहीतर तुम्ही भलतंच समजाल. मी यशोधरा. तळेगावच्या पुढे डोंगराच्या अंगाला आमचं विद्यापीठ आहे, तिथे मी गेम डिझाईन शिकते. शेवटचं वर्ष. गल्लीतल्या बायका आईला अजून विचारतात, "पोरगी कॉलेजात जाऊन गेम खेळती, व्हय?" आणि कारखान्यातून कितीही थकून आलेले असले तरी पप्पा उठून त्यांना समजावतात की खेळत नाही, बनवते. तर, गेम बनवला की तो अशा माणसाला द्यायचा, ज्याने तो आधी कधी पाहिलेला नाही. तो कुठे अडतो, कुठे वैतागतो, ते शेजारी बसून टिपायचं. आपण तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. आणि एक माणूस एकदाच. एकदा खेळला की त्याला वाट कळते, मग टेस्टर म्हणून त्याचा काही उपयोग उरत नाही.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला तो बसला होता. पायाशी ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि दोन्ही हातांवर बारीक बारीक ओरखडे... मला वाटलं, मांजरं पाळत असेल.

"न्हाई," तो म्हणाला. "मोबाईलवर पत्ते पण न्हाई खेळत."

"मग मला तुम्हीच हवे आहात."

त्याने मागे वळून पाहिलं. मागे फक्त स्टेशनची पाटी होती.

माझ्या गेमचं नाव 'चंद्री'. चंद्री ही म्हैस आहे आणि ती धुक्यात हरवली आहे. स्क्रीनवर जवळजवळ काहीच दिसत नाही, नुसतं पांढरं, त्यात ओढा आणि टेकाड तेवढं अंधुक. तिच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज हेडफोनमधून कधी डाव्या कानात येतो, कधी उजव्या, आणि त्यावरून चालत चालत तिला शोधून घरी आणायची, एवढाच खेळ. दीड वर्ष मी या म्हशीच्या मागे होते. झोपेतसुद्धा मला घंटा ऐकू यायची.

त्याने हेडफोन घातले आणि कीबोर्डवर बोटं टेकवली, तीसुद्धा इतकी जपून की बटणं मोडतील असं त्याला वाटत असावं. मग निघाला तो थेट ओढ्याकडे. ओढ्याकडे काहीच नव्हतं. तिकडे मी पुढची वाटच बनवली नव्हती, चंद्री होती टेकाडावर. तो पाण्यापाशी जाऊन उभा राहिला. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. मला काही राहवेना... मी खोकले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनवरच्या टेकाडाकडे पाहिलं. तो हसला, एकाच गालाने, आणि टेकाड चढायला लागला.

नियम मोडला होता, पण एवढ्याशा खोकल्याचं काय घेऊन बसायचं, असं मी स्वतःला समजावलं. म्हैस सापडली. मी त्याच्यापुढे टेस्टचा फॉर्म धरला. त्यात वर 'टेस्टर निवडण्याचं कारण' असतं, ते मी भरायचं, आणि खाली 'टेस्टरचा अभिप्राय', तो त्याने. त्याने सुरेख अक्षरात लिहिलं, 'छान आहे.' नाव सुहास, गाव परंदवडी, काम गुलाबाच्या पॉलिहाऊसवर सुपरवायझर. म्हणजे ओरखडे मांजरांचे नव्हते, काट्यांचे होते. त्याची थोरली बहीण चैताली आमच्याच विहाराच्या मागच्या गल्लीत दिलेली, तिला भेटून तो परत निघाला होता. लोकल आली. तळेगावला मी उतरले तेव्हा तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "म्हस सापडली ते बरं झालं. जिवाला घोर लागलेला."

आता खरं तर माझं त्याच्याशी काही काम उरलं नव्हतं. मी तिसऱ्या दिवशी फॉर्मवरच्या नंबरवर फोन केला.

म्हटलं, हेडफोन बदललेत, जरा पुन्हा खेळून बघता का. तो सुट्टीच्या दिवशी कान्ह्याला आला, त्याच बाकावर बसून खेळला, सरळ टेकाड चढला, पाच मिनिटांत म्हैस घेऊन आला आणि लिहिलं, 'छान आहे.' त्यानंतर मी रंग बदलले म्हणून बोलावलं. मग रंग परत आधीसारखे केले म्हणून बोलावलं. सोमाटणे फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बोलावलं, कारण फॉर्मवर मी लिहिलं होतं, 'गोंगाटात घंटा ऐकू येते का ते तपासणे.' डिसेंबरात थंडी पडली, तेव्हा 'कडाक्याच्या थंडीत बोटं कशी चालतात' हे तपासलं. माझी मैत्रीण ऋचा, जी माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, ती म्हणाली की तुझी म्हैस कधीच सापडली आहे, तू हरवली आहेस. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही, कारण ती बरोबर बोलत होती.

आणि मग वलवणचं धरण. 'वाऱ्यात आवाज कसा ऐकू येतो ते तपासणे' या कारणासाठी आम्ही एका रविवारी लोणावळ्याला गेलो. पर्यटकांची गर्दी गावातच अडकली होती, इकडे धरणाच्या बाजूला दोन-चार माणसं आणि वारा. त्याने उकडलेल्या शेंगा आणल्या होत्या. झाडाखाली बसलो, लॅपटॉप दोघांच्या मध्ये ठेवला. हेडफोन मी मुद्दाम घरी विसरले होते, म्हणून इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात आणि एक माझ्या. वायर आखूड होती. आखूडच बरी.

"तुमी स्क्रीनकडं बघत न्हाई," तो म्हणाला.

"टेस्टरकडेच बघायचं असतं. नियम आहे."

"आणि टेस्टरनं कुणाकडं बघायचं?"

"म्हशीकडे."

"धुक्यात दिसत न्हाई ती."

"मग?"

"मग... जे दिसतंय ते बघतो."

मी शेंग सोलत होते, ती हातातून निसटली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तू ना, फार—" आणि जीभ चावली. दीड महिना अहो-जाहो चाललं होतं, आणि हा 'तू' कुठून आला कोण जाणे. त्याने शेंगेतला एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला. परतताना स्टेशनवर म्हणाला, "यशो, शाल घे, वारा लय सुटलाय." यशो. मला घरातले सोडून कोणी यशो म्हणत नाही. मी शाल घेतली आणि तळेगाव आलं तरी माझ्या लक्षातच आलं नाही की माझं कान्हे स्टेशन अजून यायचं आहे की गेलं. ते मागेच गेलं होतं.

असे झाले बारा फॉर्म. बाराही फॉर्मवर सुहास, परंदवडी. बाराही फॉर्मवर, 'छान आहे.'

जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी अरुंधती मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. शुक्रवारी आमची ज्युरी होती, म्हणजे मॅडम आणि बाहेरून येणारे दोन परीक्षक आपला गेम खेळून बघतात आणि आपण पास की नापास ते तिथेच सांगतात. नापास झालं तर पूर्ण वर्ष पुन्हा. मॅडम शांत बाई आहेत. आवाज चढवत नाहीत, नुसता चष्मा काढून टेबलावर ठेवतात, आणि तेवढ्याने आम्हाला कळायचं ते कळतं. त्या दिवशी चष्मा टेबलावरच होता.

"हा सुहास कोण?"

"टेस्टर, मॅडम."

"बाराही वेळा?"

मी मान खाली घातली. मॅडमनी एकेक फॉर्म उचलून माझीच कारणं मला वाचून दाखवली. वाऱ्यात आवाज. थंडीत बोटं. 'शेंगा खाताना एका हाताने खेळता येतं का.' हे शेवटचं त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "आणि याचा अभिप्राय बघ. बारा वेळा 'छान आहे'. एक चूक नाही, एक तक्रार नाही. यशोधरा, या मुलाला तुझ्या गेमशी काडीचं घेणंदेणं नाही. त्याला फक्त तुला खूश बघायचं आहे."

आता मी काय सांगू तुम्हाला... माझं वर्ष बुडायला आलं होतं, आणि मला गुदगुल्या होत होत्या. जे त्याने अजून मला सांगितलं नव्हतं, ते माझ्या मॅडम मला रागावून सांगत होत्या. मी ओठ घट्ट मिटले, तरी हसू फुटलंच.

"हसतेस काय? तुझ्या हातात आत्ता एकही खरी टेस्ट नाही. हा गेम चांगला आहे की टाकाऊ, हे तुला तरी माहीत आहे का?"

तेव्हा मात्र हसू गेलं. कारण मला खरंच माहीत नव्हतं.

मॅडमनी दोन अटी घातल्या. शुक्रवारच्या आत बारा नवे टेस्टर, कोरे. आणि हे जुने फॉर्म फाडायचे नाहीत, लपवायचे नाहीत. प्रत्येकावर निवडीचं खरं कारण लिहायचं, त्याच्याकडून खरा अभिप्राय घ्यायचा, त्याची सही घ्यायची आणि सगळं फाईलला जोडायचं. हे झालं नाही तर मी तुला ज्युरीपुढे उभंच करणार नाही, असं त्या शांतपणे म्हणाल्या आणि चष्मा घातला.

मी तशीच परंदवडीला गेले. पॉलिहाऊसवर चौदा फेब्रुवारीच्या मालाची घाई सुरू होती. परदेशात जाणारे गुलाब जानेवारीअखेरपासूनच निघतात, त्या दिवसांत सुहासला जेवायलाही फुरसत नसते. तो फाटकापाशी आला, केसांना प्लॅस्टिकच्या कागदाचा तुकडा चिकटलेला. मी एका दमात सगळं सांगितलं आणि विचारलं, "खरं सांग. गेम कसा आहे?"

"छान आहे."

"सुहास."

त्याने हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मधे झोप येते. एकदा लागलीच होती, त्या टपरीवर. तुला वाटलं मी डोळे मिटून घंटा ऐकतोय." त्याने फाटकाची कडी चाचपली. "आणि म्हस टेकाडावर कशाला जाईल, यशो? सुटलेली म्हस आधी पाणी गाठती. मी पहिल्या दिवशी ओढ्यावर गेलतो की. तू खोकलीस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दीड वर्षाचं काम, आणि मूळ गोष्टच चुकलेली. बरं, मी कान्ह्याची. चारी बाजूंनी म्हशी. पण आमच्या घरी दूध पिशवीतून येतं, आणि म्हैस कुठे जाते हे मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. राग स्वतःवर होता, काढला त्याच्यावर.

"मग अडीच महिने तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?"

"मी छान म्हटलं की तू लय खूश व्हायचीस."

"मला खूश करणारी माणसं घरी आहेत. मला खरं सांगणारं कुणीतरी हवं होतं."

आणि मी निघाले. फॉर्म पिशवीतच राहिले. सोमाटणे फाट्यापर्यंत डोळे पुसत चालले, आणि फाट्यावर त्याच टपरीसमोर बससाठी उभं राहावं लागलं, म्हणून आणखी रडू आलं.

मंगळवारी ऋचा आणि मी सगळं हॉस्टेल पालथं घातलं. पण आमच्या इमारतीतल्या प्रत्येकाने माझ्या टेबलावर चंद्री कधी ना कधी पाहिलेली होती. एकही कोरा माणूस नाही. दुपारी कँटीनमध्ये मी वडापाव समोर ठेवून नुसती बसले होते, तेव्हा सुहासचा फोन आला.

"उद्या जेवणाच्या सुट्टीत पॅकिंग शेडवर ये," तो म्हणाला. "सहा जणी हायेत. परवा दुसऱ्या सहा. गेम म्हंजे काय ते पण माहीत न्हाई त्यांना. मी काही सांगितलं न्हाई. म्हशीचं पण न्हाई."

ज्या आठवड्यात त्याला श्वास घ्यायला वेळ नव्हता, त्या आठवड्यात तो माझ्यासाठी बारा कोरी माणसं गोळा करत होता.

"अजून रागात आहेस?" त्याने विचारलं.

"हो."

"बरं. पण ये."

पॅकिंग शेड गार असते. गुलाब टिकावेत म्हणून तिथे थंड हवा सोडलेली, बायका स्वेटर घालून डोक्याला स्कार्फ बांधून गड्ड्या बांधत असतात. पहिल्या बसल्या अंबूबाई. हेडफोन घातले, दोन्ही हात मांडीवर, आणि एकदम स्टुलावरून पूर्ण मागे वळल्या. "घंटा मागं वाजती," म्हणाल्या, आणि मागच्या गुलाबांच्या बादल्यांत म्हैस शोधायला लागल्या. मी ओठ चावून बसले. कुणीतरी त्यांना हळूच परत स्क्रीनकडे वळवलं. मग त्या चालू लागल्या... थेट ओढ्याकडे.

पाण्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि हलेनात.

"आता तू बोल की गं. मुकी हायस का?" त्यांनी मला विचारलं.

"तिला बोलायचं न्हाई, मावशी," दारातून सुहास म्हणाला. तो आमच्याकडे पाठ करून उभा होता. चेहऱ्यावरून कुणाला काही कळू नये म्हणून. "नियम हाय."

"कसला मेला नियम. म्हस हितंच असणार. टेकाडावर जायला ती काय हवा खायला आलीय?"

त्या दिवशी सहाच्या सहा जणी ओढ्यावर जाऊन अडल्या. एकीनेही टेकाडाची वाट धरली नाही. मी सगळं लिहून घेतलं, एकदाही खोकले नाही. निघताना सुहासच्या समोरून तशीच गेले. फक्त मला थंडी वाजत होती हे त्याने पाहिलं असावं, कारण फाटकावरच्या माणसाने माझ्या हातात गरम चहाचा कप दिला आणि म्हणाला, साहेबांनी पाठवलाय.

घरी आले आणि चंद्रीला टेकाडावरून उतरवून पाण्यात बसवलं. मधला झोप आणणारा निम्मा रस्ता कापून टाकला. दीड वर्ष मी ज्या टेकाडावरच्या गवताचं एकेक पातं रंगवलं होतं, ते बहुतेक सगळं गेलं. आई बाजूला तांदूळ निवडत बसली होती, तिने विचारलं, काय झालं गं. म्हटलं, काही नाही, सुहासचं म्हणणं बरोबर होतं. आई म्हणाली, कोण सुहास, आणि निवडत राहिली, पण गालातल्या गालात हसत होती. चैतालीताईने तिला डिसेंबरातच सांगितलेलं होतं, हे मला नंतर कळलं.

गुरुवारी उरलेल्या सहा जणी. सरूबाई म्हणून एक आहेत, फारशा बोलत नाहीत. त्या बसल्या, ऐकत ऐकत हळूहळू चालल्या, ओढ्यावर आल्या. धुकं जरा विरळ झालं आणि पाण्यात बसलेली चंद्री दिसली. सरूबाईंनी हेडफोन काढले नाहीत. त्यांनी बोटं पुढे करून स्क्रीनवरच्या म्हशीच्या कपाळावरून फिरवली आणि म्हणाल्या, "चल गं बाई घरी. किती शोधायचं तुला." मग डोळे पुसून मला म्हणाल्या, आमच्या मंगीची घंटा अशीच वाजायची. मी फॉर्म भरत होते, पण मला अक्षरं दिसेनात. गेम चांगला आहे की टाकाऊ, ते मला त्या दिवशी कळलं.

दुपारी चार वाजता चहाची सुट्टी झाली, तेव्हा मी सुहासला शेडच्या बाहेर गाठलं. जुने फॉर्म त्याच्या हातात दिले. कारणं मी आदल्या रात्रीच खोडून नव्याने लिहिली होती. "आधी वाच," मी म्हटलं, "मग खरा अभिप्राय लिही आणि सही कर. नाहीतर उद्या मला उभं करणार नाहीत."

तो उपड्या क्रेटवर बसला. पहिल्या फॉर्मवर मी लिहिलं होतं, 'हा समोर बसला होता. मी खोकून मदत केली.' तो जरासा हसला. दुसरा उचलला. 'हेडफोन बदलले नव्हते. फोनवर याचा आवाज ऐकायचा होता.' त्याचं हसू थांबलं. तिसऱ्यावर होतं, 'हा हसला की एकाच गालाला खळी पडते. कोणत्या, ते विसरले होते.' वलवणच्या फॉर्मवर, 'वाऱ्याची टेस्ट खोटी. याच्याबरोबर लोणावळ्याला जायचं होतं.' शेंगांच्या फॉर्मवर, 'भूक नव्हती.' तो प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून वाचत होता, आणि त्याचे कान लाल होत होते. मी दुसरीकडे पाहत होते. म्हणजे, पाहत असल्याचं दाखवत होते. शेवटच्या फॉर्मवर मी एकच ओळ लिहिली होती, 'कारण हा मला आवडतो.'

आत कुणीतरी त्याला हाक मारत होतं, त्याला ऐकू आली नाही. मग खिशातून पेन काढलं आणि लिहायला लागला. मी वाकून पाहिलं. 'झोप आली.' 'टेकाड चुकीचं आहे, मी सांगितलं नाही.' 'घंटा ऐकू आली नाही, शेजारी बांगड्या वाजत होत्या.' 'म्हस सापडली, पण माझं लक्ष नव्हतं.' असं एकेक लिहीत, सही करत तो शेवटच्या फॉर्मपर्यंत आला. त्यावर सही केली आणि अभिप्रायाची जागा मोकळी ठेवून पेन खिशात टाकलं.

"हे?" मी विचारलं.

"हे कोण वाचणार?"

"मॅडम. आणि बाहेरचे दोन परीक्षक. एक बंगळूरहून आलेत."

"मग हे तोंडी देईन," तो म्हणाला, आणि थंड गाडी भरायला पळाला.

शुक्रवारी ज्युरीत बंगळूरच्या परीक्षकांनी चंद्री खेळायला घेतली. त्यांनी जन्मात म्हैस जवळून पाहिली नसावी. टेकाडाचा थोडा भाग मी ठेवला होता, ते नेमके तिकडेच चढले. दहा मिनिटं तिथे फिरत होते. मी हात पाठीमागे घट्ट धरून उभी, पण तोंड बंद. मग त्यांनी डोळे मिटले, मान तिरकी केली, घंटा ऐकली आणि उतरून पाण्यापाशी आले. चंद्री दिसली तेव्हा ते लहान मुलासारखे हसले. त्यांनी विचारलं, पाण्यातच का ठेवली. मी सांगितलं की मला माहीत नव्हतं, परंदवडीच्या बारा बायकांनी आणि एका सुपरवायझरने शिकवलं.

अरुंधती मॅडम फाईल चाळत होत्या. जुने फॉर्म त्यांनी एकेक करून वाचले. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. शेवटच्या फॉर्मवर थांबल्या.

"याचा अभिप्राय कुठे आहे?"

"तोंडी मिळणार आहे, मॅडम."

"कधी?"

"आज बहुतेक."

त्यांनी लाल पेन घेऊन त्या मोकळ्या जागेत 'प्रतीक्षेत' असं लिहिलं आणि खाली सही केली. मी पास झाले होते.

बाहेर आले तर विद्यापीठाच्या फाटकापाशी तो मोटारसायकल लावून उभा होता. त्या आठवड्यातली शेवटची गाडी सकाळी गेली होती. डोळे झोपेने जड, जॅकेटवर अजून पानांचा चुरा, आणि हात रिकामे.

"एक गुलाब तरी आणायचास," मी म्हटलं.

"आठवडाभर लाखभर भरलेत. आणखी एक बघितला तर उलटी होईल." मग त्याने विचारलं, "काय झालं?"

"पास. पण एक अभिप्राय राहिलाय."

तो गाडीवरून उतरला. आमच्या बाजूने पोरंपोरी जात होती, त्यांच्याकडे त्याने पाहिलं नाही. सावकाश, एकेक शब्द निवडत तो बोलला, "मला तुझा गेम तेव्हा आवडला न्हाई. आता म्हस पाण्यात हाय, तरी पण लय आवडतो असं न्हाई. मला गेमच आवडत न्हाई कुठला. मी बारा वेळा आलो, कारण मला तू आवडतेस, यशो. तू आणखी बारा वेळा बोलवलं असतंस तरी आलो असतो. आणि इथून पुढं तुला खोटं छान म्हणणार न्हाई."

मला वाटलं होतं की मी हसेन, काहीतरी टोमणा मारेन. मी रडायलाच लागले. तो घाबरला, म्हणाला, फार खरं बोललो का. मी मान हलवली. दीड वर्षात कुणीही माझ्या गेमबद्दल इतकं वाईट बोललं नव्हतं, आणि मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"मग आता तू," तो म्हणाला.

"मी लिहून दिलंय की."

"लिहिलंयस. बोलली न्हाईस."

दिवसभर पोपटासारखी बोलणारी मी... पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले. त्याने घाई केली नाही. फाटकावरचे वॉचमन दत्तोबा खुर्ची पुढे ओढून ऐकायला बसले. शेवटी मी बोलले. "मला तू आवडतोस, सुहास. पहिल्या दिवसापासून." जरा जोरातच बोलले असेन, कारण दत्तोबांनी मान डोलावली.

मग मी त्याच्या मागे गाडीवर बसले आणि आम्ही कान्ह्याच्या रस्त्याला लागलो. घरी पप्पांना दोन्ही गोष्टी सांगायच्या होत्या. पास झाल्याचं आधी सांगायचं की याचं, यावरून आम्ही वडगावपर्यंत भांडत गेलो.